पलगै मागितली, आला पलंग

मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. नाही बसला तरी हरकत नाही. माझ्यावर आजवर माणसं बसली, मांजरं बसली, एकदा एक अख्खी वरात बसली. एक विश्वास बसला नाही म्हणून माझं काही अडत नाही. मी एक जुना पलंग आहे, आणि पाच महिने मी शाळेतला फळा होतो.

सध्या माझा मुक्काम पश्चिम तांबरमला, स्टेशनपासून सात मिनिटांवर, मराठी सभेच्या जुन्या इमारतीच्या बोळात. तुम्ही संध्याकाळी शिकवणीहून येता, बूट न काढता माझ्यावर उभे राहता, चिप्सची रिकामी पाकिटं माझ्या फटींत कोंबता. तेही सोसतो. पण आज बसलाच आहात तर ऐका. निधी, पाय खाली घे.

माझं लाकूड ब्रह्मदेशी सागाचं. एका मोठ्या जहाजाच्या डोलकाठीचं. मद्रासच्या किनाऱ्याला लागताना ते जहाज वादळात मोडलं, कप्तानासकट सगळं बुडालं, डोलकाठी तेवढी पोहत पोहत मैलापूरपर्यंत आली आणि वाळूत येऊन तिनं अंग झटकलं. तिथं शहाजी नावाचा सुतार हवा खात बसला होता. त्यानं तिला विचारलं, "बाई, तुझं काय करू?" ती म्हणाली, "जन्मभर उभी राहिले. आता मला आडवी कर." म्हणून मी पलंग झालो.

"डोलकाठी म्हणजे?" निधीनं विचारलं.

शीड बांधायचा खांब गं.

"ओके," निधी म्हणाली. बघा, किती गुणी मुलगी आहे.

मैलापुरात एका गवयाच्या घरी मी पन्नास वर्षं काढली. थंडीत गाण्याच्या सभांचा हंगाम सुरू झाला की तो रोज दोन-दोन मैफिली गाऊन यायचा आणि माझ्यावर पडल्या पडल्या घोरायचा. तेही तालात. शेजारचे मृदंग वाजवणारे भिंतीला टेकून त्या घोरण्यावर सराव करत. एका दुपारी तो झोपेत समेला चुकणार होता, तेवढ्यात मी माझा डावा पाय करकरवला आणि अब्रू राखली. घरात येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यावरून हात फिरवायचा. "काय लाकूड आहे हो!" म्हणायचा. मला वाटलं, हे असंच चालायचं. मग गवई गेला. त्याच्या नातवानं पोटात गाद्या-उशा मावतील असा नवा पलंग आणला. माझ्या पोटात काही मावत नाही, हा माझा दोष ठरला. जुन्या सामानाच्या दुकानात अकरा वर्षं मी अंगावर सतरा खुर्च्या घेऊन पडून होतो. एकही गिऱ्हाईक माझ्यापर्यंत पोचलं नाही.

इथून पुढचं मात्र खरं आहे. म्हणजे आधीचंही खरंच होतं, पण हे कागदोपत्री खरं आहे.

या बोळाच्या टोकाला ते दार दिसतंय ना, त्याच्या आत एक खोली आहे. तिथं अन्नपूर्णाबाई संध्याकाळी पाच ते सात मोठ्या माणसांना तमिळ वाचायला शिकवत. मोठी म्हणजे तुमच्या आईबाबांपेक्षाही मोठी. इडलीवाली, वॉचमन, बांधकामावरच्या बाया. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. घराणं तंजावरचं. त्यांच्या घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी अजून बोलतात, आणि तिला जिथं भोक पडलंय तिथं तमिळचं ठिगळ लावतात. वर्गाला फळा नव्हता. बाई भिंतीवर लिहीत. भिंतीचा चुना पडला की त्याबरोबर अक्षरंही पडत.

मग या खोलीला भागीदार मिळाले. एक दत्ताजी, सभेचे अध्यक्ष, खोली सभेची. दुसरा मंदार, नाशिकहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेला, इथल्या नव्या मराठी मंडळाचा सचिव. हो निधी, तुझा बाबा. तिसरी ऋजुता, श्रीपेरुंबुदूरकडच्या एका कारखान्याच्या समाजकार्य विभागातली. चौथं वॉर्ड ऑफिस. त्याची खुर्ची प्रत्येक बैठकीला मांडलेली असे आणि प्रत्येक बैठकीला रिकामी असे. या चौघांनी मिळून 'आजीवन शिक्षण व समाजविकास स्थानिक भागीदारी आराखडा' करायला घेतला. हे नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून सगळे नुसतं 'आराखडा' म्हणत. पहिल्या बैठकीला मी नव्हतो. तिथं काय झालं ते मला नंतर त्या रिकाम्या खुर्चीनं सांगितलं. बैठकभर जागी असलेली ती एकटीच.

"आजी, तुमची गरज काय ती सांगा," मंदार लॅपटॉप उघडून म्हणाला. "आपण तळापासून सुरुवात करतोय."

"एक पलगै पाहिजे पा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मोठी. बाकी कांही नको."

तमिळमध्ये पा म्हणजे बाबा रे, आणि पलगै म्हणजे फळी. फळ्यालाही इथं पलगैच म्हणतात. बाईंच्या घरात फळ्याला दुसरा शब्दच नाही. मंदारनं लिहिलं : पलंग, मोठा, एक नग. त्याला जरा नवल वाटलं. पण चौऱ्याहत्तरीची बाई, दिवसभराची दमलेली, लागत असेल आडवं व्हायला, असा त्यानं आदरानं विचार केला. दत्ताजींना दोन्ही भाषा येतात. ते त्या वेळी अध्यक्षस्थानी डुलकी घेत होते.

दुसऱ्या बैठकीत पलंगाची 'विश्रांती सुविधा' झाली. चौथ्या बैठकीत तिचा 'ज्येष्ठ आरोग्य घटक' झाला. सहाव्या बैठकीत हजर तिघांच्या सह्या झाल्या, आणि जूनमध्ये मला टेम्पोतून इथं आणलं. खरं तर मी चालतच आलो असतो, पण वाटेत सगळे रस्ते खणून ठेवलेले.

"अय्यो! हें काय?" अन्नपूर्णाबाई दारातच थांबल्या.

"पलंग, आजी. तुम्ही मागितला होतात तो."

"मी पलगै मागितली रे कण्णा! पलगै! लिहायची! मला निजायचेंच असतें तर घरीं निजलें नसतें कां?"

मंदारचे कान लाल झाले. ऋजुता ओढणीत तोंड लपवून हसली. "बदलून आणू या ना," ती म्हणाली. "त्यात काय."

"आतां कसें बदलतां येईल?" दत्ताजी म्हणाले. "आराखड्यांत पलंग आहे. फळा पाहिजे तर दुरुस्तीचा ठराव पाहिजे. चौघांच्या सह्या पाहिजेत."

"मग करा ठराव!"

"वॉर्डाचा माणूस येऊं दे."

सगळ्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीनं मान खाली घातली. मी पाहिलंय.

अन्नपूर्णाबाई माझ्याभोवती एकदा फिरल्या. माझ्या पाठीवर, म्हणजे जिथं गादी घालतात तिथं, चार बोटं जाडीच्या सलग फळ्या आहेत. त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग म्हणाल्या, "उभा करा याला."

झालं. जन्मभर आडवा पडलो होतो, ते सुख संपलं. सगळ्या वर्गानं मिळून मला भिंतीशी उभा केला. बाईंनी जुनी युक्ती काढली : लाकडी कोळसा आणि तोंडलीचा पाला एकत्र वाटायचा आणि तो काळा-हिरवा लगदा फळीवर घोटायचा. पाटा-वरवंटा घेऊन वाटायला बसली ती कमलिनी. तीन दिवस तिनं मला घोटलं. मित्रांनो, गवयाच्या घरी पाहुण्यांनी माझं कौतुक केलं होतं, पण इतक्या मनापासून माझ्या अंगावरून कुणी हात फिरवला नव्हता.

कमलिनी म्हणजे तुमच्या मागच्या गल्लीतली कमलिनीअक्का. तीही तंजावरकडची, शेहेचाळीस वर्षांची. रोज कंपनीच्या बसनं श्रीपेरुंबुदूरला जाते आणि एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासते. तिच्या हातचं सांबार एकदा खाल्लं की माणूस ताटही चाटल्याशिवाय सोडत नाही. पण कँटीनमध्ये तिला कुणी कढईपाशी उभं करत नसे, कारण तिथं रोज सकाळी भिंतीवर चिठ्ठी लागते : आज अमुक डाळ इतकी, तमुक चिंच इतकी. चिठ्ठी वाचता येईल त्यानंच कढईला हात लावायचा. त्या वर्षी आचारी नोकरी सोडून पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, गावी जाणार होता. मुकादम कमलिनीला म्हणाला होता, "पोंगलच्या आत चिठ्ठी सगळी वाचून दाखव, कढई तुझी. नाहीतर मी बाहेरून माणूस आणतो." सतरा वर्षं तिनं दुसऱ्याच्या सांबाराची भांडी घासली होती.

म्हणून बाईंनी तिच्यासाठी वेगळंच पुस्तक काढलं. 'अ'पासून नाही, डाळीपासून. माझ्या अंगावर एका वेळी एकच जिन्नस, तो पक्का झाला की पुढचा. उप्पु, म्हणजे मीठ. परुप्पु, म्हणजे डाळ. मग आली पुळी, म्हणजे चिंच. कमलिनीनं खडू असा धरला होता जणू माझ्यात खिळा ठोकायचाय. लिहिलं. बाईंनी चष्मा वर केला.

"काय लिहिलेंस?"

"पुळी."

"हा 'ळ' नव्हे गे, हा 'ल' आहे. पुली झालें. पुली म्हणजे?"

कमलिनी विचारात पडली, आणि मग पदरानं तोंड झाकून इतकी हसली की मीही हललो. तमिळमध्ये पुळी म्हणजे चिंच आणि पुली म्हणजे वाघ.

"सांबाराला दोन किलो वाघ!" वॉचमन ओरडला. "भिजत घालायचा की चिरून?"

"तुलाच घालतें भिजत," कमलिनी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं 'ळ' चाळीस वेळा लिहिला. माझ्या डाव्या कोपऱ्यात तो 'ळ' अजून आहे. चमचमतो अंधारात.

सप्टेंबरपर्यंत ती अकरा जिन्नस वाचत होती. चिठ्ठीवर एकोणीस असतात.

मग ऋजुतानं माझा फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला. उभा पलंग, त्यावर अक्षरं. साहेबांना मी इतका आवडलो की आराखडा एकदम मोठा झाला. आता नुसता वर्ग नको, केंद्र हवं. रंग, पंखे, खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा. आणि केंद्र करायचं तर आधी लोकांच्या गरजांची पाहणी हवी. मंदार गठ्ठाभर फॉर्म घेऊन आला आणि त्यानं प्रत्येकाच्या हातात एक-एक दिला.

कमलिनीनं फॉर्म उलटा धरला, मग सुलटा धरला, मग बाईंकडे दिला.

"हें काय लिहिलें आहे रे?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला काय शिकायची इच्छा आहे ते दोनशे शब्दांत लिहा," मंदार म्हणाला.

"हिला?"

"हो. सगळ्यांनाच."

"लिहितां आलें असतें तर ही इथें कशाला आली असती, सांग पा!"

"तमिळमध्ये पण आहे आजी, मागच्या बाजूला."

मित्रांनो, हे मी रचून सांगत नाही. असं रचायला माझ्याहून मोठा थापाड्या लागेल. शेवटी वॉचमननं सगळ्यांच्या वतीनं अंगठे उमटवले, आणि पाहणीचा निष्कर्ष निघाला : स्थानिक लोकांमध्ये लेखनाविषयी उदासीनता आढळते. वर्गात रोज येणाऱ्या माणसांविषयी हे.

नवरात्रात सरस्वतीपूजेला बायांनी मला चंदन लावलं, झेंडू घातला. त्या दिवशी वाचायचं नसतं, पुस्तकं देवापुढं ठेवायची असतात. दुसरा दिवस विजयादशमी. इकडे त्या दिवशी लहान मुलांच्या हाती पहिलं अक्षर देतात, नव्या शिक्षणाचा तो मुहूर्त. वर्ग नेहमीपेक्षा लवकर जमला. कमलिनीला त्या दिवशी बारावा जिन्नस मिळणार होता. आणि आराखड्याचा मुहूर्तही तोच होता. खोलीचं नूतनीकरण सुरू.

"फक्त तीन महिने," ऋजुता म्हणाली. "मग तुम्हाला इतकं छान केंद्र मिळेल ना, अक्का!"

"तीन महिने म्हणजे पोंगल आलें," कमलिनी म्हणाली.

"हो ना! पोंगलची भेट!"

ऋजुता वाईट मुलगी नाही. तिला चिठ्ठीचं ठाऊकच नव्हतं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

मला बोळात काढलं. रिकामी खुर्ची आतच राहिली. मग कुलपांचा प्रश्न आला. एकानंच कुलूप लावलं तर खोली त्याची झाल्यासारखी दिसेल. भागीदारीत असं चालत नाही. म्हणून चौघांची चार कुलपं लागली. सभेचं पितळी, मंडळाचं नंबराचं, कारखान्याचं चकचकीत नवं, आणि वॉर्डाचं गंजलेलं, जे एका शिपायानं येऊन लावलं. रंगारी आले की चौघांना एकदम बोलवायचं. रंगारी दोनदा आले. दोन्ही वेळा तीन किल्ल्या जमल्या.

अन्नपूर्णाबाईंनी हार मानली नाही. त्यांनी बोळात वर्ग भरवला. येणारे-जाणारे स्कूटर माझ्या अंगावरून नेत, तरी जिऱ्यापर्यंत पोचलो आम्ही. म्हणजे तेरा झाले. मग नोव्हेंबरचा पाऊस आला. तांबरमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, तो वरून येतो तितकाच खालूनही येतो. बोळात गुडघाभर पाणी. माझ्या अंगावरचा काळा लेप वाहून गेला, कोपऱ्यातला 'ळ' तेवढा राहिला, पायांना बुरशी धरली. बाई त्या पाण्यातून खडूचा डबा डोक्यावर धरून दोनदा आल्या. तिसऱ्यांदा घसरल्या. मनगट मोडलं, उजवं. त्यांचा कुंभकोणमचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्या गाडीत बसत नव्हत्या. "सहाच राहिले रे," एवढंच म्हणत होत्या. "सहाच जिन्नस."

त्याच आठवड्यात सोळावी बैठक झाली, हॉटेलात, कारण खोलीला कुलपं होती. त्यात बाईंच्या अनुपस्थितीची नोंद झाली.

आता तुम्ही असे गप्प का बसलात? निधी, रडायचं नाही. तुझ्या बाबाला कुणी काही म्हणत नाहीये. पुढचं ऐक, पुढं फार चांगलं आहे.

पोंगलच्या आठ दिवस आधी काय झालं माहीत आहे? वॉर्डाचा माणूस आला! स्वतःच्या पायांनी, किल्ली हातात घेऊन! चौघांनी चार कुलपं एका क्षणाला उघडली, आणि आवाज असा झाला की स्टेशनात लोकल थांबली. आत पंखे फिरत होते, भिंती पिवळ्याजर्द. तुझा बाबा रातोरात गाडी हाकत कुंभकोणमला गेला आणि अन्नपूर्णाबाईंना घेऊन आला. बाईंनी डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. डावा हात उजव्यापेक्षा सुबक निघाला. सहा दिवसांत सहा जिन्नस. वॉचमननं कमलिनीची उजळणी घेतली, इडलीवालीनं तिच्यासाठी दिवा लावला. आणि पोंगलच्या आदल्या दिवशी कमलिनी कँटीनच्या भिंतीपुढं उभी राहिली, आणि एकोणीसच्या एकोणीस जिन्नस तिनं असे वाचले, असे वाचले, की मुकादमानं स्वतःच्या हातानं तिला पळी दिली. आज तीन हजार माणसं तिच्या हातचं सांबार खातात. परवा तर परदेशी साहेब आला होता, त्यानं तीन वेळा वाढून घेतलं. आणि केंद्रात रोज संध्याकाळी शंभर माणसं शिकतात, मला पुन्हा आत नेणार आहेत, उद्या किंवा परवा. म्हणून मित्रांनो, सांगायचं एवढंच की जुन्या वस्तूला टाकून देऊ नका, शिकणाऱ्या माणसाला थांबवू नका, आणि सगळ्यांनी मिळून मनावर घेतलं की कुठलंही दार उघडल्याशिवाय राहत...

"लबाड!"

मुलं दचकून मागे वळली. बोळाच्या तोंडाशी कमलिनी उभी होती. कंपनीची बस आज लवकर आली असावी. हातात डब्याची पिशवी, बोटांची टोकं दिवसभर पाण्यात राहून पांढरी पडलेली.

"जहाजाचें सांग, घोरण्याचें सांग, काय पाहिजे तें सांग पोरांना," ती मला म्हणाली. "हें नको सांगूं. दार उघडलें नाही. बाई आल्या नाहीत. मुकादमापुढें चिठ्ठी मी जिऱ्यापर्यंत वाचली आणि उभी राहिलें. पुढचीं अक्षरें शिकायचीं राहिलीं होतीं. मी अजून भांडींच घासतें."